लेसरनं पाण्यातला ध्वनिवेग: १४८२ येत नाही, मग चूक कुठं?

लातूरचा_फिजिक्सवाला
एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला लेसरनं पाण्यातल्या अल्ट्रासोनिक लहरींचा वेग काढायलोय. हीलियम-निऑन लेसर, ६३२.८ नॅनोमीटर. पाण्यात लहरी सोडणारा क्रिस्टल ५ मेगाहर्ट्झ, फ्रिक्वेन्सी काउंटरवर तपासलंय. टाकीपासून भिंत ३ मीटर. लहरींतून गेलेला लेसर भिंतीवर फुटून पडतो: मधल्या ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन ठिपके दिसतात, टोकाच्या दोघांत ३७.५ मिलिमीटर. वेग येतो १५१९ मीटर प्रतिसेकंद. जर्नलात (प्रॅक्टिकलच्या वहीत) प्रमाण किंमत १४८२ आहे, म्हणून अडीच टक्के चूक दाखवा असं सांगितलंय. मला ती चूक वाटतच नाही. सिद्ध कसं करू? आणि इंटरफेरोमीटरमध्ये (क्रिस्टलसमोर रिफ्लेक्टर सरकवून मोजायचं यंत्र) अर्धी तरंगलांबी धरतो, इथं पूर्ण का?

परभणीचा_जुना_मास्तर
लेकरा, टाकीत थर्मामीटर होता का? १४८२ हा २० अंश सेल्सिअसचा आकडा. मे महिन्यात आपल्याकडं लॅबमधलं पाणी २० अंशांवर कुठून असणार? २५ ला १४९७, ३० ला १५०९, ३५ ला १५२०. बहुतेक द्रवांत तापमान वाढलं की वेग घटतो. पाण्यात मात्र साधारण ७४ अंशांपर्यंत तो वाढतच जातो. पोरं नीट मोजलेला आकडा खोडून पुस्तकातला लिहितात तेव्हा माझा जीव तुटतो. तू खोडू नकोस.

पण एवढ्यानं सिद्ध झालं असंही समजू नकोस. मापात अर्धा मिलिमीटर इकडंतिकडं झाला तर वेग २० नं हलतो, आणि तुझा सगळा फरक ३७ चा. व्हरांड्यात ६ मीटरवर कागद लाव, ठिपक्यांच्या मध्यावर पेन्सिलीनं खुणा कर. मग डिस्टिल्ड वॉटर फ्रिजमध्ये गार करून २० अंशांवर परत मोज. वेग कमी झाला की ठिपके लांब जातात: ३५ अंशांना टोकाटोकात ७५ मिलिमीटर आले तर २० ला ७७ च्या आसपास यायला पाहिजेत. तेवढे आले तर जर्नलात दोन्ही मापं तापमानासकट लिही.

अर्ध्याचं असं. इंटरफेरोमीटरमध्ये रिफ्लेक्टर अर्धी तरंगलांबी सरकला की क्रिस्टलच्या सर्किटमधला करंट पुन्हा शिगेला जातो, म्हणून तिथं अर्धी. इथं प्रकाशाला जाळी भेटते ती दाबाची, आणि स्थिर लहर असली तरी कुठल्याही क्षणी दाट थरापासून पुढच्या दाट थरापर्यंत पूर्ण तरंगलांबीच भरते. १९३२ मध्ये डिबाय आणि सिअर्स यांनी हे ठिपके दाखवले. एकाऐवजी इतके ठिपके का पडतात, याचा हिशेब सी. व्ही. रामन आणि नागेंद्र नाथ यांनी १९३५-३६ मध्ये बसवला. व्हायव्हात विचारतात, वाचून जा.

नांदेडचा_लॅबवाला
सरांचं बरोबर. फक्त गार पाणी तापू लागलं की क्रिस्टलवर बारीक बुडबुडे धरतात आणि ठिपके फिके पडतात. पाणी आधी उकळून, झाकून गार करा. बोअरचं तर घालूच नका, क्षारांनी वेग बदलतो.

लातूरचा_फिजिक्सवाला
सर, थर्मामीटर लावला. दुपारी दोनला पाणी ३४.५ अंश. पाणी उकळून फ्रिजमध्ये ठेवलंय, व्हरांडा उद्या सकाळी मिळतोय. दोन्ही मापं इथंच टाकतो.