आठवण गेली की माणूसही जातो का?

लालबागची लेक: आईला डिमेन्शिया होऊन चार वर्षं झाली. मला ती ‘बाई’ म्हणते. काल मेथीची जुडी समोर ठेवली, तर पानं आणि कोवळे देठ एकीकडे, जून देठ एकीकडे, अगदी पूर्वीसारखं निवडलं. मामा म्हणतात, “ती आता ती राहिलीच नाही.” इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकही म्हणतो, माणूस तोच राहतो तो जाणिवेच्या, स्मृतीच्या धाग्यामुळे. मग मेथी निवडली कोणी?

निवृत्त परिचारिका: ताई, अरुणा शानबाग आठवा, मुंबईच्या केईएम रुग्णालयातली परिचारिका. १९७३च्या हल्ल्यात मेंदूला इजा होऊन ती अंथरुणाला खिळली; तेव्हापासून २०१५ला ती जाईपर्यंत केईएमच्या परिचारिकांनी तिला सांभाळलं. २०११मध्ये तिच्या दयामरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानंही तिच्या वतीनं बोलायचा हक्क त्या कर्मचाऱ्यांचाच मानला. तिला काय आठवतं हे त्यांनी आधी तपासलं नव्हतं हो!

तत्त्वज्ञानाचा मास्तर: लॉकला स्कॉटिश तत्त्वज्ञ थॉमस रीडनं १७८५मध्ये अडवलंय. म्हाताऱ्या सेनापतीला तरुणपणीचा पराक्रम आठवतो. पराक्रम केला तेव्हा त्याला शाळेतला मार आठवत होता, आता आठवत नाही. म्हणून मार खाल्लेला मुलगा तो नव्हेच? पण लॉकला सोडलं तरी प्रश्न सुटत नाही. हातांची सवय म्हणजे माणूस का, मला अजून ठरवता येत नाही.

लालबागची लेक: सर, मलाही नाही. आज पुन्हा मेथी आणली. देठ मोडताना ती म्हणाली, “बाई, मीठ आधी घालू नकोस, पाणी सुटतं.” लहानपणी मला असंच सांगायची.