‘वर्षाला एक आत्मा जिंका’ म्हणणाऱ्या पोस्टला उत्तर

तिसवाडीकर
सकाळपासून एक पोस्ट फिरतेय: प्रत्येक ख्रिस्ती माणसाने वर्षाला निदान एक आत्मा जिंकावा, म्हणजे एकाला ख्रिस्ताकडे वळवावं, शेजाऱ्याच्या हाती पत्रक द्यावं, गप्प बसेल त्याचा विश्वास मेलेला. लिहिणाऱ्याला मत्तय २८:१९ तोंडपाठ आहे: जा, सर्व राष्ट्रांना शिष्य करा, बाप्तिस्मा द्या. विसावं वचन मात्र सोडून दिलंय. आज्ञापिलेलं सगळं पाळायला शिकवा, असं तिथे सांगितलंय, आणि ते पत्रकाने होत नाही.

आमच्या कॅथलिक चर्चमध्ये प्रौढाचा बाप्तिस्मा कसा होतो ते बघा. आधी नुसत्या गाठीभेटी आणि प्रश्न. मग चर्चमध्ये सगळ्यांसमोर उमेदवार म्हणून स्वीकार, त्यानंतर शिकवण, बऱ्याचदा वर्षभर किंवा जास्त. उपासकाळाच्या पहिल्या रविवारी निवड, तिसऱ्या-चौथ्या-पाचव्या रविवारी परीक्षणविधी आणि ईस्टरच्या जागरणाच्या रात्री बाप्तिस्मा, दृढीकरण, ख्रिस्तशरीर (पवित्र भाकर) एकाच वेळी. पुढे पेन्टेकॉस्टपर्यंत, म्हणजे ईस्टरचे पन्नास दिवस, पुन्हा शिकवण. बिघडतं ते घाईमुळे. लग्नाची तारीख ठरते, हॉल बुक होतो आणि मग घरचे विगाराला (चर्चच्या मुख्य पाद्रीला) सांगतात, पटकन पाणी घाला, बाप्तिस्मा उरका. त्याची गरजच नसते. बिशपांकडून सूट घेतली की बाप्तिस्मा न झालेल्या जोडीदाराशीही चर्चमध्ये लग्न लागतं, चर्चच्या कायद्यातलं कलम, कॅनन १०८६ वाचा. मुलांच्या बाप्तिस्म्यासाठी शक्य ते सगळं करीन, हे वचन कॅथलिक बाजूने द्यायचं, दुसऱ्याला त्याची फक्त कल्पना द्यायची. तरी लग्नासाठी घातलेलं पाणी आणि मग वर्षानुवर्षं मिस्सेला न फिरकणं, हे चालूच.

मोकळा मासा
यादी वाचूनच दमलो. प्रेषितांची कृत्ये ८ काढा. फिलिप रथात चढला, हबशी अधिकाऱ्याशी बोलला, वाटेत पाणी दिसलं, बाप्तिस्मा झाला. पेन्टेकॉस्टला एका दिवसात सुमारे ३,०००. तिथे कुठला रजिस्टर होता? आणि रोमकरांस १०:१४ काय म्हणतं? ऐकलंच नाही तर विश्वास ठेवतील कसा? तुम्ही गोंयच्या सायबाचं (संत फ्रान्सिस झेवियरचं) फेस्त करता, शेजाऱ्याला दोदोल ही मिठाई पाठवता आणि येशूचं नाव काढायला लाजता. वर आम्हालाच ‘बिलिव्हर’, म्हणजे कॅथलिक चर्च सोडून नव्या पंथात गेलेले, म्हणून नाक मुरडता.

तिसवाडीकर
तो अधिकारी यरुशलेमला उपासना करून परतत होता आणि हातात यशया संदेष्ट्याचा ग्रंथ होता. पेन्टेकॉस्टचे ऐकणारेही शास्त्रात मुरलेले यहुदीच. निम्मी शिकवण आधीच झालेली होती. म्हापशाच्या बाजारात हातात पत्रक कोंबलेला माणूस त्या जागी नसतो.

प्रियोळकर
वचनं तुमची तुम्हाला लखलाभ. पोर्तुगीज देवळं पाडत होते तेव्हा मंगेश देव कुठ्ठाळीहून आमच्या गावात का आला, शांतादुर्गा देवी केळशीहून कवळ्याला का गेली, हे फोंड्यात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. मधला खंड सोडला तर १५६० ते १८१२ इन्क्विझिशन, चर्चचं धर्मन्यायालय. आता म्हणता, फक्त सांगतोय. कायदा तरी वाचा. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस निकालात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की राज्यघटनेचं कलम २५ धर्माची तत्त्वं सांगण्याचा हक्क देतं, दुसऱ्याला आपल्या धर्मात आणण्याचा नाही.

तिसवाडीकर
मान्य. जबरदस्ती चर्चच्या कायद्यातही निषिद्ध आहे, कॅनन ७४८. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने) १९६५ मध्ये तेच म्हटलं. उशिरा म्हटलं, तेही मान्य.

ओवीबाज
सगळंच तलवारीने झालं असं नाही. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ ला गोव्यात उतरला, ख्रिस्तपुराण छापलं १६१६ मध्ये राशोलला. मधली ३७ वर्षं तो इथली भाषा आणि इथल्या पुराणांची रीत शिकला, मग सुमारे ११,००० ओव्या मराठीत रचल्या. सुवार्ता सांगायची तर अशी.

बार्देसचो
मराठीत? झालं सुरू! त्याच स्टीफन्सने कोकणीत दौत्रिना (धर्मशिकवणीचं पुस्तक) लिहिली, कोकणीचं व्याकरण लिहिलं. लोकांना समजायची ती कोकणी.

ओवीबाज
प्रस्तावनेत त्याने स्वतःच मराठी म्हटलंय. लोकांना सोपं जावं म्हणून ब्राह्मणांच्या बोलीतले शब्द मिसळले, हेही सांगितलंय. देवनागरीचे छपाईचे खिळे नव्हते म्हणून छापलं रोमी लिपीत. आता रोमीवाल्यांनी त्यावरही हक्क सांगू नये.

बार्देसचो
रोमीला हात लावू नका हं! रोमीत प्रार्थना टिकल्या म्हणून गोव्यात कोकणी टिकली. गोव्याच्या राजभाषेच्या कायद्यात रोमीला जागा नाही आणि तुमच्या मराठीला वापराची मुभा आहे, वर रड तुमचीच.

ओवीबाज
टिकली? १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने फर्मान काढलं, तीन वर्षांत देशी भाषा सोडा, पोर्तुगीज बोला. त्यामागे पाद्रीच होते. स्टीफन्सची परंपरा कुणी मारली, ते आधी सांगा.

प्रियोळकर
धागा धर्मप्रसाराचा होता ना? की आता मराठी-कोकणी पुन्हा १९६७ च्या, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही त्या, सार्वमतापासून?

तिसवाडीकर
मासेबाब, तुम्हाला उत्साहच हवा असेल तर जुझे वाझ घ्या. १६८७ ला हा गोंयकार पाद्री मजुराच्या वेषात सिलोनला (आताच्या श्रीलंकेला) गेला. तिथे डचांनी कॅथलिक पाद्रींवर बंदी घातली होती. तमिळ-सिंहली शिकला आणि १६९७ च्या देवीच्या साथीत कँडीत टाकून दिलेल्या रोग्यांची सेवा केली. पत्रकं नव्हती. १ पेत्र ३:१५ हेच सांगतं: आशेचं कारण कुणी विचारलं तर उत्तर द्या, सौम्यतेने.

मोकळा मासा
बरं, तुमचं वर्षभराचं शिक्षण एक वेळ मानतो. पण वाझ सिलोनला बोलावणं आल्यावर गेला होता का? स्वतःहूनच गेला ना? मग फिर्गजेत (आपल्या चर्चच्या हद्दीत) बसून ‘कुणी विचारलं तर’ हे कसलं?

तिसवाडीकर
गेला तो तिथे पाद्रीविना पडलेल्या कॅथलिकांसाठी. नव्यांना बाप्तिस्मा नंतर दिला.

मोकळा मासा
दिला ना? मग झालं.

बार्देसचो
आणि शिकवलं लोकांच्या बोलीत. ओवीबाजांनी नोंद घ्यावी.