कौटुंबिक प्रार्थनेत फक्त उपकारस्तुतीच असावी का?

रास्तापेठकर

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. गेल्या रविवारी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कुटुंबावर संदेश झाला. तो ऐकताना जे मनात आले ते लिहीत आहे. आमच्या घरी रात्रीच्या जेवणानंतर कौटुंबिक प्रार्थना होते आणि तिचा नियम एकच आहे : प्रत्येकाने त्या दिवसाबद्दल देवाचे आभार मानायचे, कुरकुर करायची नाही. हा नियम लागू केल्यापासून घरातले वाद जवळजवळ संपले आहेत. आपल्याच मंडळ्यांतली तरुण जोडपी लहानसहान कारणांवरून समुपदेशकाकडे धावतात, हे पाहून वाईट वाटते. संसाराला लागणारे सगळे मार्गदर्शन पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात आहे आणि ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’, म्हणजे देवाचे आभार माना, या आज्ञेत त्याचे सार आहे. लक्ष्मीबाई टिळकांनी पतीच्या धर्मांतरानंतर किती सोसले, पण तक्रारीचा शब्द काढला नाही. आपल्या भगिनींनी तो आदर्श डोळ्यांपुढे ठेवावा. मिळून प्रार्थना करणारे कुटुंब एकत्र राहते, असे वचनच आहे.

खडकीची लेक

काका, हे वाचून गप्प बसणे मला शक्य नाही, कारण हाच नियम आमच्या माहेरी होता. २०२० च्या टाळेबंदीत माझ्या भावाची नोकरी गेली. घरी कोणालाही ते कळले नाही, कारण रोज रात्री प्रार्थनेला बसल्यावर तो सर्वांसमोर ‘प्रभू, नोकरीबद्दल तुझे आभार’ असे म्हणत असे. वडिलांना ती प्रार्थना फार आवडायची. घराचे हप्ते थकल्याचे बँकेकडून समजले तेव्हा आईने त्याला एकच प्रश्न विचारला, ‘तू आम्हांला सांगितले का नाहीस?’ तो म्हणाला, ‘कधी सांगणार होतो? प्रार्थनेत तर चालत नाही आणि प्रार्थनेनंतर तुम्ही सगळे इतके प्रसन्न असता.’ घरात वाद नव्हते, हे अगदी खरे आहे. ते नव्हते कारण बोलणेच नव्हते.

तुम्ही थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रातले ५:१८ सांगितलेत. त्याच्या चारच ओळी वर, चौदाव्या वचनात, अल्पधीराच्यांना धीर द्या, अशक्तांना आधार द्या आणि सर्वांशी सहनशीलतेने वागा, असे ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल सांगतो. ज्या घरात कोणाला आपला धीर सुटला आहे हे सांगताच येत नाही, तिथे कोण कोणाला धीर देणार? बायबलमधल्या दीडशे स्तोत्रांमध्ये विलापाच्या स्तोत्रांचा गट सर्वांत मोठा आहे. देवाने आपल्या लोकांच्या हातात दिलेल्या प्रार्थनांच्या संग्रहात ‘कोठवर, हे परमेश्वरा?’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो आणि तुमच्या बैठकीच्या खोलीत मात्र त्याला बंदी आहे. उपकारस्तुतीवर माझा राग नाही. तिचा उपयोग घरातल्या लहानांचे आणि बायकांचे तोंड बंद करण्यासाठी होतो, त्यावर आहे.

घोरपडीचे निवृत्त शिक्षक

ताई, तुमच्या भावाविषयी वाचून वाईट वाटले, पण एका घराच्या अनुभवावरून तुम्ही फार मोठा निष्कर्ष काढला आहे. माझी पत्नी करोनाच्या काळात अतिदक्षता विभागात होती आणि आम्हांला तिला भेटू देत नव्हते. एका परिचारिकेने फोन तिच्या कानाशी धरला, तेव्हा तिने मला तेविसावे स्तोत्र वाचायला सांगितले आणि ते संपल्यावर आपल्या मुलांची एकेकाची नावे घेऊन देवाचे आभार मानले. ते आमचे शेवटचे बोलणे. त्या वेळी ती रडली असती, देवाशी भांडली असती, तरी मी तिला काही म्हटले नसते. पण तिने आभार मानले, आणि पुढचे सगळे महिने त्या आभारांनीच मला उभे ठेवले. तीस वर्षे रोज संध्याकाळी केलेल्या प्रार्थनेने तिला ते शिकवले होते, एका दिवसात ते येत नाही. म्हणून ज्यांनी आयुष्यभर ही सवय जपली, त्यांच्यावर तोंडे बंद केल्याचा आरोप करू नये, ही विनंती आहे.

आणखी एक. तुम्ही ‘कोठवर’ ज्या तेराव्या स्तोत्रातून घेतलेत, त्याचा शेवट सहाव्या वचनात गायनाने होतो. अर्धे स्तोत्र उद्धृत करून थांबणे योग्य नाही.

खडकीची लेक

सर, तुमच्या पत्नीच्या विश्वासापुढे मी नतमस्तक आहे. पण त्यांनी जे केले ते स्वतःच्या मनाने केले. सुनेवर किंवा बेकार मुलावर तेच लादले, तर ती गोष्ट वेगळी होते. तेराव्याचा शेवट गायनाने होतो, मान्य. अठ्ठ्याऐंशीव्याचा शेवट काळोखात होतो, तिथे आभार नाहीत, गायन नाही, तरी ते आपल्या शास्त्रात आहे. तेही पूर्ण वाचावे.

कॅम्पातला कॅथलिक शेजारी

मी तुमच्या मंडळीचा नाही, पण ‘असे वचनच आहे’ याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. मिळून प्रार्थना करण्याविषयीचे ते वाक्य पवित्र शास्त्रात कुठेही नाही. फादर पॅट्रिक पेटन यांच्या कौटुंबिक जपमाळेच्या मोहिमेमुळे ते जगभर पोहोचले आणि १९४७ मध्ये अमेरिकेत त्यांच्या रेडिओ कार्यक्रमासाठी ते अल स्कॅलपोन या जाहिरात-लेखकाने रचले. आमच्या घरी ते आजीच्या काळापासून भिंतीवर आहे आणि जपमाळही रोज होते. ती सवय मला प्रिय आहे. पण माझ्या सख्ख्या बहिणीचा संसार रोजच्या जपमाळेनंतरही टिकला नाही आणि तिला नातेवाइकांनी याच वाक्याने छळले : तुम्ही मनापासून प्रार्थना केली नसणार. बोधवाक्याला देवाचे अभिवचन म्हटले की असे होते.

मूळचा नगरचा

मुख्य विषयावर नंतर बोलू. लक्ष्मीबाईंनी तक्रारीचा शब्द काढला नाही, हे विधान ज्याने केले त्याने त्यांचे आत्मचरित्र उघडलेले दिसत नाही. त्यांचे पती कवी नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत झाला. लक्ष्मीबाईंचा झाला १९०० साली. मधली पाच वर्षे ही बाई नवऱ्याच्या मागोमाग गेली नाही. त्यांनी दुःख केले, विरोध केला, नातेवाइकांच्या आश्रयाने दिवस काढले, आणि जातिभेदाविषयी स्वतःचा विचार पक्का झाल्यावर मगच पाऊल उचलले. टिळकांचा संताप, हातात पैसा न टिकणे, घरातले असेल नसेल ते दुसऱ्याला देऊन टाकणे, हे सगळे त्यांनी इतक्या मोकळेपणाने लिहिले आहे की मराठीत तसा दुसरा संसार सापडणे अवघड आहे. त्यांना मूकपणाचा आदर्श करणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

रास्तापेठकर

मी ते पुस्तक विद्यार्थिदशेत वाचले आहे, त्यामुळे ‘उघडलेले दिसत नाही’ ही भाषा मला अपमानास्पद वाटते. लक्ष्मीबाई भांडल्या असतील, पण त्यांनी संसार कायमचा मोडला नाही. टिळक गेल्यावर त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांनी पूर्ण केले. आजच्या पिढीला पहिले भांडण झाले की वकील आठवतो. माझा मुद्दा निष्ठेचा होता आणि तो कायम आहे.

मूळचा नगरचा

निष्ठा होती, यात वाद नाही. पण ती बोलणाऱ्या बाईची निष्ठा होती आणि तिचे बोलणे ऐकणारा नवरा होता. टिळक तापट असले तरी त्यांनी बायकोवर धर्मांतराची सक्ती केली नाही, हे कुटुंबप्रमुखांनी विशेष लक्षात घ्यावे. उरला तुमचा वकिलाचा मुद्दा. १८६९ च्या घटस्फोट कायद्याप्रमाणे ख्रिस्ती पतीला पत्नीचा व्यभिचार एवढे कारण पुरत असे. पत्नीला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा परित्याग असे आणखी काही सिद्ध करावे लागे. ही विषमता २००१ च्या दुरुस्तीने गेली. त्याआधीच्या आपल्या आज्या आणि मावश्या ‘निष्ठेने’ राहिल्या, असे म्हणताना त्यांच्यापुढे दुसरा रस्ताच नव्हता हेही म्हणावे.

पंचहौदची मावशी

लक्ष्मीबाईंवरच सगळे लिहीत आहेत, म्हणून पंडिता रमाबाईंची आठवण करून देते. १८८२ साली त्या विधवा झाल्या, लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या आणि १८८३ मध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या मठातल्या ख्रिस्ती भगिनी त्यांना उपदेश करत होत्या, मुलीला धर्मशिक्षण कसे द्यायचे हेही सांगत होत्या. रमाबाईंनी त्यांना नम्रपणे पण स्पष्ट कळवले की भटाभिक्षुकांच्या जोखडातून नुकतीच सुटका झाली असताना मी दुसरे जोखड मानेवर घेणार नाही. याच बाईने पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळात टाकून दिलेल्या मुलींना आसरा दिला. देवाचे मार्गदर्शन घेणे वेगळे आणि घरातल्या मोठ्या माणसाची मर्जी ही देवाची इच्छा समजणे वेगळे. एवढा भेद त्यांना कळत होता.

आता माझे दुखणे सांगते. हंगामाच्या सणाला मंडळीत आभारप्रदर्शन होते, देवाचे आभार, पाळकसाहेबांचे आभार, पंचांचे आभार. त्या दिवशी पहाटेपासून स्वयंपाक करणाऱ्या महिला मंडळाचे नाव शेवटी कोणीतरी कानात सांगितल्यावर घेतले जाते. घरातही तेच चालते. जेवणाबद्दल देवाचे आभार मानणाऱ्या किती पुरुषांनी पोळ्या करणारीचे आभार मानले आहेत? डोळे मिटून मानलेले आभार डोळे उघडल्यावरही टिकले पाहिजेत, असे मी माझ्या मुलांना सांगत आले.

वडगावशेरीचा बाप

मावशी, तुमचा मुद्दा मी आज घरी वाचून दाखवला. माझी अडचण वेगळीच आहे. माझी कामाची वेळ अमेरिकेच्या घड्याळावर चालते, पत्नी सकाळी साडेसहाला घर सोडते. ‘रात्रीच्या जेवणानंतर सर्वांनी’ हे आमच्याकडे होऊच शकत नाही. त्यात शनिवारी उपवास-प्रार्थना, रविवारी उपासना, मधल्या वारी कोणाकडे तरी घरप्रार्थना. तिथे न दिसलो की कुटुंब थंड पडले आहे का, अशी विचारपूस होते. कुटुंबासाठी म्हणून ठेवलेले कार्यक्रम कुटुंबाची एकमेव मोकळी संध्याकाळ घेऊन जातात. आमच्याकडे काय टिकले ते सांगतो : मुलीला शाळेच्या बसपर्यंत सोडताना ती आणि मी चालता चालता प्रार्थना करतो. तिच्या प्रार्थनेत आभारही असतात आणि ‘बाबा काल माझ्यावर विनाकारण ओरडला’ हेही असते. ‘मुलांना चिरडीस आणू नका’ हे इफिसकरांस पत्रातले वचन मी कितीदा ऐकले होते, पण ते माझ्याविषयी आहे हे मला तिच्या प्रार्थनेतून कळले. रास्तापेठकर काकांच्या नियमात तिला हे म्हणता आले नसते.

रास्तापेठकर

एवढे सगळे माझ्यावर तुटून पडतील असे वाटले नव्हते. मी कोणाचे तोंड बंद करण्यासाठी नियम केला नव्हता. माझ्या लहानपणी घरात जी भांडणे मी पाहिली, त्यांत देवाचे नाव घेऊन एकमेकांचे वाभाडे काढले जात. ‘हे प्रभू, माझ्या सुनेला सुबुद्धी दे’ अशी प्रार्थना सुनेच्या तोंडावर होत असे. मला माझ्या घरात ते नको होते. प्रार्थनेत तक्रारीला दार उघडले की प्रार्थनेचे कोर्ट होते, हे ज्याने पाहिले नाही त्याला माझा नियम जाचक वाटणारच.

खडकीची लेक

काका, हे तुम्ही पहिल्याच वेळी लिहायला हवे होते, कारण हा मुद्दा खरा आहे आणि माझ्याजवळ त्याचे तयार उत्तर नाही. सासूने देवाच्या आडून सुनेला बोलणे आणि मुलाने देवापुढे स्वतःचे अपयश सांगणे यांत फरक आहे. पहिल्यात दुसऱ्याची तक्रार आहे, दुसऱ्यात आपले दुःख आहे. पहिल्याला बंदी घाला, माझी काहीच हरकत नाही. दुसऱ्याला घालू नका.

मात्र समुपदेशकाविषयी तुम्ही अजून एक अक्षरही बोललेला नाहीत. माझ्या भावाला नंतर झोप येईना, जेवण जाईना. त्याला डॉक्टरांनी नैराश्य सांगितले आणि औषध सुरू केले. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी त्याला गोळ्या बंद करून विश्वास धरायला सांगितले. मधुमेहाच्या गोळ्या ते स्वतः रोज घेतात.

घोरपडीचे निवृत्त शिक्षक

गोळ्या बंद करायला सांगणे सर्वस्वी चूक आहे. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता, कलस्सैकरांस पत्रात पौलच त्याला प्रिय वैद्य म्हणतो. यावर दुमत असू नये. पण ताई, समुपदेशक विश्वासाचा आदर करणारा असावा, एवढी अट मी ठेवीन. माझ्या भाच्याला एकाने पहिल्याच भेटीत चर्च सोडायला सांगितले होते.

खडकीची लेक

तो समुपदेशक वाईट होता, सर. वाईट पाळक भेटला म्हणून आपण पाळकांकडे जाणे सोडत नाही.

रास्तापेठकर

औषधाच्या बाबतीत मी कधीच आडवा आलो नसतो. समुपदेशकाविषयी माझे मत पूर्ण बदललेले नाही. आधी घरात, मग पाळकाकडे आणि तिथेही सुटले नाही तर बाहेर, हा क्रम मला अजूनही योग्य वाटतो. जिथे मारहाण आहे किंवा जिवाला धोका आहे, तिथे हा क्रम लागू नाही, हे मी न विचारता लिहितो, म्हणजे त्यावर पुढचे दहा प्रतिसाद लिहावे लागणार नाहीत. प्रार्थनेच्या नियमात एवढा बदल करायला मी तयार आहे की आठवड्यातून एकदा विलापाचे एक स्तोत्र पूर्ण वाचावे आणि त्यानंतर ज्याला स्वतःविषयी जे सांगायचे असेल ते त्याने सांगावे. दुसऱ्याविषयी नाही.

पंचहौदची मावशी

भाऊ, त्या वेळी सुरुवात तुम्ही स्वतःच करा. घरातला कर्ता पुरुष आधी बोलल्याशिवाय सून बोलणार नाही, आणि त्या दिवशी भांडी कोण घासणार तेही आधीच ठरवा, म्हणजे तिला बसायला सवड मिळेल.