भांडुपच्या गाळ्यात १६ फुटी लाकडी कनू बांधायचीय, लाकूड आणि रेझिन कुठलं घेऊ?

भुसा_भांडुप:
नमस्कार मंडळी. भांडुपला वडिलांचा एक बंद पडलेला गाळा आहे, पहिला मजला, आतून १८ फूट बाय ९. ते तिथे फोटोफ्रेमच्या पट्ट्या बनवायचे, त्यामुळे टेबल सॉ, राउटर, छोटा प्लेनर आणि क्लॅम्पची एक अख्खी पेटी आयती मिळालीय. गेले वर्षभर डोक्यात किडा वळवळतोय की यात स्ट्रिपची कनू (वल्ह्याने चालवायची अरुंद, लांबट होडी) बांधायची. म्हणजे फर्मे (होडीच्या आडव्या आकाराचे साचे) उभे करून त्यावर लाकडाच्या बारीक पट्ट्या एकाला एक चिकटवत जायच्या आणि मग आतून-बाहेरून ग्लास क्लॉथ आणि रेझिन. प्लॅन १६ फुटी प्रॉस्पेक्टर टाइपचा आहे, कॅनडावाल्यांची जुनी मालवाहू डिझाइन.

आता गोंधळ असा, रे रोडला वखारीत विचारलं तर ते म्हणाले होडी ना, मग सागवानच, दुसरं काही पाण्यात टिकत नाही. फायबरच्या दुकानात गेलो तर म्हणे पॉलिस्टर रेझिन आणि मॅट (काचतंतूंच्या तुकड्यांची चटई) घेऊन जा, सगळ्या मच्छीमार बोटी त्याच्याच. आणि यूट्यूबवरचे गोरे लोक सीडरचं लाकूड आणि इपॉक्सी रेझिन याशिवाय बोलत नाहीत. कोणाचं ऐकू? गणपतीनंतर सुरू करावं असं मनात आहे. वल्ही पण घरीच करायचीत. बायको म्हणते आधी ठेवणार कुठे ते सांग, तो प्रश्न सध्या बाजूला.

रंधेवाला_काका:
वखारवाला त्याच्या जागी बरोबर आहे पण तो फळ्यांच्या होडीबद्दल बोलतोय. फळीच्या होडीत लाकूड स्वतः पाण्यात असतं, म्हणून सागवान. तुमच्या कनूत लाकडाला पाणी लागणारच नाही, दोन्ही बाजूंनी कापड आणि रेझिन, मधे लाकूड नुसतं अंतर राखायला. तिथे हलकं आणि सरळ रेघेचं पाहिजे, बाकी काही नको.

हिशोब करून बघा. १६ फुटी कनूचं अंग साधारण साडेपाच चौरस मीटर धरा. पट्टी दोन सूत जाड, म्हणजे ६ मिलीमीटर. झालं ०.०३३ घनमीटर लाकूड. वेस्टर्न रेड सीडर घनमीटरला ३७० किलोच्या आसपास भरतं, म्हणजे १२ किलो. सागवान साडेसहाशे, म्हणजे २१ किलोच्या वर. हे नऊ किलो तुम्ही दर वेळी जिन्यावरून उचलणार आहात, रेझिन-कापड-काठ-सीट धरून वेगळं.

रेड सीडर मुंबईत मिळतं, सॉना बनवणारे वापरतात, पण महाग. नाहीतर पाइनमधलं बिनगाठीचं निवडून घ्या, स्वतः उभं राहून. वखारीतला पोरगा वरच्या चार फळ्या काढून देतो त्या घेऊ नका, खालच्या बघा. देवदार सुंदर वास देतो पण जड आणि गाठी फार. तयार पट्ट्यांना सव्वा घनफूटच लागतं, पण करवतीचं पातं तीन मिलीमीटर खातं म्हणजे तिसरा हिस्सा भुसाच, शिवाय गाठी काढायच्या, त्यामुळे अडीच घनफूट घ्या. पट्टी सहा सूत रुंद ठेवलीत तर पासष्ट-सत्तर पट्ट्या बसतील. १६ फुटी फळी शोधत बसू नका, आठ-आठ फुटाच्या घेऊन तिरका सांधा मारा, जाडीच्या आठपट लांब, म्हणजे दोन इंच. सांधे एका रेषेत येऊ देऊ नका म्हणजे झालं.

आणि सीडरचा भुसा नाकात जाऊ देऊ नका, काही लोकांना त्याने दमा लागतो. रुमाल बांधून भागत नाही, नीट मास्क घ्या.

वेसावकर:
लाकडाचं ऐकलं, आता पाण्याचं ऐका. ही कनू तुम्ही नेणार कुठे? भांडुपची खाडी असं मनात असेल तर ते २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, वनखात्याला विचारल्याशिवाय तिथे उतरायचं नाय. विहार-तुळशी पिण्याचं पाणी, तिथे विषयच नको. पवईत मगरी आहेत.

रेझिनताई_ठाणे:
मगरी रेझिन खात नाहीत त्यामुळे मी मूळ प्रश्नावर येते 😄

पॉलिस्टर आणि मॅट नको. फायबरवाला खोटं बोलत नाहीये, पण मच्छीमार बोट अख्खी फायबरची असते, साच्यात थरावर थर देऊन केलेली, तिथे पॉलिस्टर चालतं. लाकडावर पॉलिस्टर नीट धरत नाही, दोन-तीन पावसाळ्यांत पापुद्रा सुटायला लागतो. आणि मॅटमधे जो बाइंडर असतो तो पॉलिस्टरमधल्या स्टायरीनमधे विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही, म्हणून इपॉक्सीखाली मॅट पांढरट दिसते. तुम्ही एवढं लाकूड घासून-पुसून चमकवणार आणि वर मॅटचं धुकं, कशाला? विणलेलं ग्लास क्लॉथ घ्या, २०० जीएसएम (चौरस मीटरला २०० ग्रॅम), आत एक थर, बाहेर एक, तळाला बाहेरून अजून एक.

इपॉक्सी कुठल्याही चांगल्या कंपनीचं घ्या पण हार्डनर (रेझिन घट्ट करायला त्यात मिसळतात तो) हळू सुकणारा मागा. आपल्याकडे दुकानात जो कॉमन मिळतो तो १०० ला १० वजनाने मिसळायचा, फास्ट असतो, मुंबईच्या ३२ डिग्रीत अर्ध्या तासाच्या आत हातात गोळा होतो. मी पहिल्यांदा अर्धा किलो एकदम आइस्क्रीमच्या डब्यात कालवलं होतं. दहा मिनिटांत डबा तापला, धूर निघाला, डबा वितळून फरशीला चिकटला तो अजून तिथेच आहे, सासूबाई दर दिवाळीला त्याची आठवण काढतात. जास्त रेझिन एका जागी राहिलं की स्वतःच्याच उष्णतेने पेटल्यासारखं होतं. दीडशे-दोनशे ग्रॅमच कालवा, लगेच पसरट ट्रेमधे ओता, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा वापरा (नवीन घ्या, घरचा नको). अंदाजपंचे हार्डनर जास्त टाकला तर लवकर सुकतं असं नसतं, कायमचं चिकट राहतं.

आणि ग्लासिंग कधीही सकाळी सुरू करायचं नाही. सकाळी लाकूड तापत जातं, आतली हवा फुगून बाहेर येते आणि रेझिनमधे बुडबुडे. सूर्य कलल्यावर सुरू करा, लाकूड थंड होत असतं तेव्हा ते रेझिन आत ओढून घेतं. महिना डिसेंबर ते फेब्रुवारी. गणपतीनंतर लगेच पट्ट्या कापा, फर्मे करा, तेवढं ठीक, पण लाकूड पावसाळ्याचं पाणी पिऊन बसलेलं असतं, गाळ्यात पट्ट्यांमधे फटी ठेवून रचून दीड-दोन महिने सुकू द्या. दमट हवेत इपॉक्सीवर मेणासारखा थर येतो, तो पॉलिश पेपरने नाही जात, उलट पसरतो. आधी साध्या पाण्याने आणि घासणीने धुवा, मग घासा.

पट्ट्या एकमेकांना चिकटवायला मात्र इपॉक्सी वाया घालवू नका, साधा लाकडाचा पांढरा गोंद पुरतो, वरचं कापडच सगळं धरून ठेवतं.

चाकरमानी_७२:
फुगवायची कयाक घ्या, बॅगेत मावते, लोकलमधून नेता येते. एवढा खटाटोप कशाला.

रंधेवाला_काका:
@चाकरमानी मग इथे काय करताय, फुगे फुगवणाऱ्यांच्या ग्रुपवर जा की 😀

भुसा_भांडुप:
काका, ताई, खरंच आभार. अंगाचा हिशोब मी कधी केलाच नव्हता. हार्डनरचं कळलं. वेसावकर दादा, मनात पवना किंवा मुळशीचं बॅकवॉटर होतं, खाडीत कधीतरी. वल्ह्याबद्दल पण सांगा कोणीतरी.

रंधेवाला_काका:
माझं ऐकाल तर वल्हंच आधी करा. दोन रविवारांचं काम, बिघडलं तर पाचशे-सातशे रुपयांचं लाकूड गेलं, आणि तुमचा रंधा, गोंद, इपॉक्सी सगळ्याची परीक्षा होऊन जाते.

माप असं, खुर्चीत ताठ बसा, बैठकीपासून नाकाच्या शेंड्यापर्यंत मोजा. तेवढा दांडा मूठ धरून, पुढे २० इंच पातं, ८ इंच रुंद. एका फळीतून कापू नका, पीळ मारते. तीन-चार पट्ट्या रेघ उलटसुलट करून चिकटवा, मधली पाइनची, कडेच्या सागवानाच्या, टोकाला सागवान आपटलं तरी टिकतं. दांडा चौकोनीचा अष्टकोनी करा, मग सोळा बाजू, मग गोल. एकदम गोल करायला गेलात की मधे कुठेतरी बटाटा होतो. सव्वा इंच बाय एक इंच एक सूत, थोडा लंबगोल, म्हणजे अंधारातही हाताला कळतं पातं कुठल्या बाजूला आहे. शेवटचा हात काचेच्या तुकड्याने खरवडून, आमचे मेस्त्री तसंच करायचे, पॉलिश पेपरपेक्षा साफ येतं. वजन सातशे ग्रॅमच्या खाली आणा. शंभर ग्रॅम जास्त म्हणजे काय ते दुपारी तीन वाजता खांद्याला विचारा.

पात्याला व्हार्निश, मुठीला मात्र नको, फोड येतात. तिथे जवसाचं तेल. तेलाच्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकल्या तर आपोआप पेट घेतात, दोरीवर मोकळ्या वाळत घाला नाहीतर पाण्यात बुडवून फेका.

वेसावकर:
बॅकवॉटर असेल तर चांगलं. खाडीत यायचं झालं तर अष्टमीच्या आसपास या, भांग म्हणजे छोटी भरती असते, पाण्याला ओढ कमी. पुनवेला-अवसेला उधाण, तेव्हा तुमच्या हलक्या खोक्याला पाणी कुठे घेऊन जाईल ते देवालाच माहीत. भरतीची वेळ काढायला तिथीला तीनने गुणा, चारने भागा. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. सहाला भरती, बाराला ओहोटी, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. ओहोटीला खाडीच्या मधे राहिलात तर मांडीएवढ्या चिखलात सहा तास. मालवणकडे होडीला एका बाजूने उलांडी (तोल सांभाळणारं तरंगतं लाकूड) लावतात ती उगाच नाय, कनूला ती नसते, म्हणून आडवी लाट दिसली की नाळ, म्हणजे पुढचं टोक, तिच्याकडे वळवायची. दोन्ही टोकांना बंद कप्पे करा, उलटली तरी तरंगेल. लाइफ जॅकेट शोभेला पाठीमागे ठेवायचं नाय, अंगात घालायचं.

रेझिनताई_ठाणे:
एक राहिलं. गाळा पहिल्या मजल्यावर म्हणालात. ती खाली कशी येणार?

भुसा_भांडुप:
ताई तुम्ही रात्रीची झोप उडवलीत. काल जाऊन बघितलं, जिना वळणाचा आहे आणि मधे छोटी पायरीची जागा.

रेझिनताई_ठाणे:
पीव्हीसी पाइप आणा, १६ फूट लांब, मधे ३ फुटाचा आडवा पाइप बांधा, दोघांनी धरून जिन्यातून फिरवून बघा. दोनशे-तीनशे रुपयांत उत्तर मिळेल. आमच्या ओळखीत एकाने बेडरूममधे बांधली होती, शेवटी खिडकीची ग्रिल कापावी लागली.

भुसा_भांडुप:
फिरवला. सोबत भाऊ आणि वॉचमन. १६ फूट भिंतीला अडकतो, कसाही फिरवा. पाइप कापत कापत गेलो, १५ फुटाला निघाला, घासून. खिडकीतून दोरीने उतरवावी तर खाली बेकरीवाल्याची पत्र्याची शेड. प्लॅन बदलायचा का आता?

रंधेवाला_काका:
प्लॅन तोच ठेवा. फर्मे १२ इंचांवर आहेत ते ११ इंचांवर लावा. १६ फुटाची १४ फूट ८ इंच होते, आडवे आकार तेच राहतात. भार थोडा कमी घेईल आणि सरळ रेषेत जरा कमी धावेल, वळेल मात्र पटकन. याहून जास्त दाबू नका, बेढब होते. आणि १८ फुटी गाळ्यात दोन्ही टोकांना दीड-दीड फूट सुटेल, नाहीतर टोकावर रंधा मारायला तुम्ही उभे कुठे राहणार होतात?

भुसा_भांडुप:
अरे हो. ते लक्षातच आलं नव्हतं. रविवारी वल्ह्याचं लाकूड आणायला जातोय, रे रोडला कोणी येत असेल तर सांगा, टेम्पो शेअर करू.