वजन वाढतं, पण इलेक्ट्रॉनमुळे नाही
चार्ज करताना इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीत इलेक्ट्रॉन भरले जातात म्हणून ती जड होते, असं काहींचं म्हणणं असतं; ते मला पटत नाही. एका टोकाने जितके इलेक्ट्रॉन आत येतात तितकेच दुसऱ्या टोकाने बाहेर पडतात. लिथियमचे आयनही (विद्युतभार असलेले अणू) आतल्या आतच एका इलेक्ट्रोडकडून दुसऱ्याकडे सरकतात. वाढते ती साठलेली ऊर्जा, आणि आइन्स्टाइनच्या E = mc² या सूत्राप्रमाणे तिलाही वस्तुमान असतंच.

हिशोब सोपा आहे. गाडीची बॅटरी ६० किलोवॅट-तासांची धरली, तर तिच्यातली ऊर्जा म्हणजे सुमारे २१.६ कोटी ज्यूल. त्याला प्रकाशवेगाच्या वर्गाने भागलं की येतात जेमतेम २.४ मायक्रोग्रॅम! गाडीवर बसलेली धूळ याहून कितीतरी जड.

श्रवणयंत्रातल्या झिंक-एअर सेलची मात्र गंमत आहे. तो हवेतला ऑक्सिजन घेतो, त्यामुळे वापरता वापरता खरोखरच जड होत जातो.