न्यूज चॅनेलमध्ये ट्रेनी ब्रॉडकास्ट इंजिनिअर: काय शिकून जाऊ?

नाशिकचा_पोऱ्या
नमस्कार मंडळी. ई अँड टीसीचा (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकॉम) डिप्लोमा झालाय. मुंबईतल्या एका मराठी न्यूज चॅनेलकडून बोलावणं आलंय. पगार बेताचा, शिफ्ट तिन्ही. रुजू व्हायला महिना आहे. एडिटिंगचा एक कोर्स दिसतोय, 18 हजारांचा. करू का? आई शेजारीपाजारी सांगत सुटलीये की मी टीव्हीवर दिसणार.

पीसीआरमधला_म्हातारा
पैसे वाचव. एडिटिंग एडिटर करतील. तू आधी आवाज शिक. चित्र क्षणभर गोठलं तर प्रेक्षक चालवून घेतो, आवाज गेला की चॅनेल बदलतो.

मिक्स मायनस म्हणजे काय ते नीट समजून घे. रिपोर्टरच्या कानात स्टुडिओचा आवाज जातो, त्यातून त्याचा स्वतःचा आवाज वगळायचा असतो. रिपोर्टरचा सिग्नल सॅटेलाइटवरून येतो आणि तो सॅटेलाइट जवळपास 36,000 किमीवर. एकदा वर जाऊन खाली यायलाच पाव सेकंद, शिवाय एन्कोडरचा (चित्र-आवाज दाबून लहान करणाऱ्या यंत्राचा) उशीर. स्वतःचंच बोलणं असं मागून कानात आलं की भलाभला तोतरा होतो. माझ्या पहिल्या महिन्यात अधिवेशनाच्या दिवशी मी चुकीचा फेडर (आवाज कमीजास्त करायची सरकपट्टी) वर ठेवला. रिपोर्टर दोन वाक्यं कशीबशी बोलली, मग ऑन एअर कानातून इअरपीस उपटून काढला. अँकर प्रश्न विचारतेय, ही नुसती कॅमेऱ्याकडे बघतेय. टॉकबॅकवर (स्टाफच्या आपसात बोलायच्या लाइनवर) मला जे ऐकवलं गेलं ते इथे लिहिता येणार नाही.

व्हॅनवाली
आवाजाचं सोळा आणे खरं. मी डीएसएनजी व्हॅनवर (छतावर डिश असलेली, सॅटेलाइटवरून लाइव्ह पाठवणारी गाडी) असते, म्हणून बाहेरचं सांगते. हल्ली बहुतेक लाइव्ह बॅकपॅकवरून (पाठीवरच्या बॅगेतल्या यंत्रावरून) होतात; चार-सहा सिमकार्डांचा डेटा एकत्र जोडून पाठवायचा. पण विसर्जनाला गिरगाव चौपाटीवर उभा राहून बघ. मोबाइलवर रेंजच्या काड्या भरलेल्या, डेटा मात्र मुंगीच्या पावलाने. तिथे व्हॅनच लागते. व्हॅन लावताना आपल्या सॅटेलाइटच्या दिशेला, म्हणजे मुंबईतून दक्षिणेच्या अंगाला, झाड किंवा टॉवर नको. जोराचा पाऊस आला की केयू बँड (व्हॅनच्या सॅटेलाइट सिग्नलची फ्रिक्वेन्सी) मान टाकतो, तेव्हा बॅकपॅक चालू ठेवायचा. दोन्ही ठेवायचे, उगाच एकावर भरवसा नको.

आणि मार्चमध्ये रोज ठरावीक वेळी काही मिनिटं सिग्नल गेला तर एलएनबी (डिशवरचा सिग्नल पकडणारा भाग) बदलत बसू नकोस (मी बदलला होता). सूर्य सॅटेलाइटच्या बरोबर मागे येतो तेव्हा असं होतं. सप्टेंबरअखेरीस पुन्हा तेच.

नाशिकचा_पोऱ्या
बाप रे. यातलं काहीच कॉलेजात नव्हतं. नेटवर्किंग किती लागतं?

रॅकरूम
भरपूर. नवे स्टुडिओ आयपीवर, म्हणजे कॉम्प्युटर नेटवर्कवर चाललेत, एसटी 2110 या मानकाने. मल्टिकास्ट (एकच सिग्नल एकाच वेळी अनेकांना पाठवणं) आणि पीटीपी (सगळ्या यंत्रांची घड्याळं जुळवणं) एवढं तरी वाचून जा. तरी निम्मा रॅक अजून एसडीआयच, म्हणजे कोॲक्स केबलवरचा व्हिडिओ असतो.

पीसीआरमधला_म्हातारा
म्हणूनच क्रिम्पिंग, म्हणजे केबलच्या टोकाला कनेक्टर दाबून बसवणं, घरी कर. शंभर कनेक्टर होईपर्यंत हात बसत नाही. कोॲक्सच्या जाळीची एक तार मधल्या पिनला चिकटली की सिग्नल गायब, आणि ती तार रात्री अडीच वाजता रॅकच्या मागे टॉर्चने शोधावी लागते.

नाशिकचा_पोऱ्या
क्रिम्पर कुठे मिळेल?

व्हॅनवाली
लॅमिंग्टन रोड. बीएनसी (त्या केबलचे कनेक्टर) 75 ओहमचेच माग, 50 वाले बघायला जवळजवळ तसेच असतात आणि दुकानदार बिनधास्त देतो.