व्हिएतनामी युद्धकवितेतला सैनिक: माणूस की भित्तिपत्रक?

पाणथळ:
‘कोरा कागद’ यांनी परवा लिहिले की, व्हिएतनामी युद्धकवितेत एकच सैनिक पुन्हा पुन्हा भेटतो. त्याला थंडी वाजत नाही, ताप येत नाही, घर आठवत नाही. तो फक्त हसतो आणि पुढे जातो, म्हणून तो माणूस नसून कम्युनिस्ट पक्षाने भिंतीवर डकवलेले चित्र आहे. दोन दिवस मी गप्प राहिले, पण ज्या कवितांची मी अनेक वर्षे पारायणे केली त्यांच्याविषयीचे इतके सरसकट विधान मला सहन होत नाही.

चिन हिऊ यांची १९४८ सालची ‘दोंग ची’ घ्या. आदल्या वर्षीच्या, फ्रेंचांविरुद्धच्या व्हिएत बाक मोहिमेचा अनुभव ताजा असताना ती लिहिलेली आहे. तिच्यातले दोन्ही सैनिक शेतकरी आहेत. एकाच्या गावी पाणी खारट आणि जमीन आंबट, तर दुसऱ्याच्या गावी नांगर घातला की दगडगोटेच वर येतात. एकाने शेत मित्राला कसायला दिले आहे, मागे रिकामे घर वाऱ्याने हलते आहे, आणि गावची विहीर व वडाचा बुंधा सैन्यात गेलेल्या माणसाची आठवण काढत आहेत. दोघांनाही हिवताप झालेला आहे. अंगात हुडहुडी आणि कपाळावर घाम. एकाचा सदरा खांद्यावर फाटला आहे, दुसऱ्याच्या विजारीला ठिगळे आहेत, आणि पाय अनवाणी आहेत. हसू आहे, हे खरे. पण ते कडाक्याच्या थंडीत गारठलेल्या तोंडावरचे हसू आहे, आणि पुढच्याच ओळींत ते एकमेकांचा हात घट्ट धरतात. घर आठवत नाही असे आपण कोणत्या सैनिकाविषयी म्हणता?

त्याच वर्षीची क्वांग झुंग यांची ‘ताय तिएन’ पाहा. लाओसच्या सीमेवरच्या त्याच नावाच्या तुकडीत बहुतेक हनोईची तरुण मुले होती. हिवतापाने त्यांचे केस गळले आहेत, कातडी पानांसारखी हिरवट झाली आहे, आणि रात्री त्यांच्या स्वप्नांत हनोईच्या सुंदर मुली येतात. एक दमलेला मित्र पुढचे पाऊल टाकत नाही. बंदुकीवर आणि टोपीवर कोसळतो आणि जगायचेच विसरून जातो. भित्तिपत्रकावर असा सैनिक मी तरी पाहिलेला नाही.

कोरा कागद:
‘सरसकट’ हा आक्षेप मान्य करतो, मुद्दा मात्र सोडत नाही. आपण उदाहरणे दिलीत, पण त्यांचे पुढे काय झाले ते सांगितले नाहीत. ‘ताय तिएन’वर भांडवली भावुकतेचा ठपका बसला आणि कित्येक वर्षे ती बाजूला पडली, हनोईच्या मुलींचे स्वप्न हा सैनिकाचा दुबळेपणा ठरवला गेला. हिऊ लोआन यांची जांभळ्या सिम फुलांची कविता तर कम्युनिस्टांच्या उत्तर व्हिएतनाममध्ये निषिद्धच झाली, आणि ‘न्यान वान–ज्याय फाम’ प्रकरणानंतर, म्हणजे १९५० च्या दशकात मतस्वातंत्र्य मागणाऱ्या लेखकांवर झालेल्या कारवाईनंतर, तो कवी गावी जाऊन दगड वाहून पोट भरत राहिला. आता दुसरी बाजू पाहा. फाम तिएन झुआत यांची काचा फुटलेल्या मालमोटारींची कविता, जिच्यात धुळीने केस पांढरे झालेले चालक एकमेकांची मळकी तोंडे पाहून खदाखदा हसतात, तिला १९६९–७० च्या स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळाले. त्याच कवीने १९७४ मध्ये ‘पांढरे वर्तुळ’ लिहिली, म्हणजे डोक्याला बांधलेल्या सुतकाच्या पांढऱ्या पट्टीचे वर्तुळ, शून्यासारखे. आणि त्याच्यावर टीकेची झोड उठली. हसणाऱ्याला बक्षीस आणि रडणाऱ्याला फटका, हा व्यवहार उघड आहे. कवींनी माणूस लिहिला असेल, पण लोकांपुढे कोणता सैनिक ठेवायचा हे दुसरेच कोणी ठरवत होते.

आणि ‘ताय तिएन’चेही इतके कौतुक नको. तिच्यात मेलेल्याला गुंडाळायला चटईसुद्धा नाही. तो अंगावरच्या कपड्यांनिशी मातीत जातो, आणि कवी त्या कपड्यांना जुन्या काळच्या सेनापतीचा अंगरखा म्हणतो. नागडे सत्य झाकण्याचेच काम भित्तिपत्रक करते.

फौजीची लेक:
मी व्हिएतनामची अभ्यासक नाही, पण त्या अंगरख्याविषयी मला बोललेच पाहिजे.

माझे वडील १९७१ च्या लढाईत होते. आमच्याच तालुक्यातला त्यांचा एक जोडीदार त्यांच्या डोळ्यांसमोर गेला. तेव्हा पार्थिव गावी आणण्याची सोय नव्हती. सुट्टीवर आल्यावर वडील आधी आमच्या घरी आले नाहीत. ते त्या जोडीदाराच्या आईकडे गेले आणि तिला म्हणाले की, सगळे विधी रीतसर झाले आणि चिता चंदनाची होती. पुढे चाळीस वर्षे गावात हेच सांगितले गेले. मरणाआधी काही महिने त्यांनी मला खरे सांगितले, की ती चिता दारूगोळ्याच्या फुटलेल्या पेट्यांची होती, लाकूड ओले होते आणि वर डिझेल ओतावे लागले.

माझे वडील सरकारी प्रचारक नव्हते. कोरा कागद, त्या कवीने चटईच्या जागी अंगरखा लिहिला, तेव्हा चटई नव्हती हेही त्याने त्याच ओळीत सांगून ठेवले आहे. झाकणारा माणूस इतके तरी कशाला सांगेल?

कोरा कागद:
ताई, आपल्या वडिलांना माझा मनापासून नमस्कार. पण त्यांनी ती गोष्ट एका आईला तिच्या मुलाच्या मृत्यूनंतर सांगितली. तीच गोष्ट जेव्हा शाळेत, सभेत आणि नभोवाणीवर दुसऱ्या आईला, तिचा मुलगा अजून जिवंत असताना सांगितली जाते, तेव्हा तिचा अर्थ तोच राहत नाही. माझे भांडण दुःखी माणसाच्या बोलण्याशी नाही, भरतीच्या वेळी केलेल्या त्याच्या वापराशी आहे. हो ची मिन्ह यांनीच तुरुंगातल्या कवितेत म्हटले आहे की, कवितेत आता पोलाद हवे आणि कवीलाही चढाई करता आली पाहिजे. मग कवीने पुढच्या तुकडीला हाक घातली नसेल, असे कसे मानायचे?

दुभाषी:
एवढ्या गंभीर चर्चेत पाणथळ यांनी ‘दोंग ची’ हे कवितेचे नाव भाषांतर न करता तसेच ठेवले, ही गोष्ट मला खटकली. कदाचित त्यांनी ते जाणूनबुजून केले असेल, कारण सर्रास वापरला जाणारा ‘कॉम्रेड’ हा शब्द त्या कवितेची हानी करतो. मूळ शब्द चिनी मुळाचा आहे आणि त्याचा अर्थ ‘ज्यांचा संकल्प एक आहे ते’ असा होतो. मराठी वाचक ‘कॉम्रेड’ वाचतो तेव्हा त्याला मोर्चा दिसतो, झेंडा दिसतो आणि एका घोंगडीखाली थरथरणारे दोन गरीब शेतकरी दिसेनासे होतात. ‘सोबती’ हा साधा शब्द असताना दुसरा कशाला हवा?

गिरणगावकर:
मोर्चा दिसला तर बिघडले काय? माझे वडील लाल बावट्याच्या युनियनचे होते, आणि चाळीत त्यांना शेवटपर्यंत कॉम्रेड म्हणूनच हाक मारली जात असे. आमच्या खोलीत अकरा माणसे राहत होती. दोघांमध्ये एक वळकटी होती. दिवसपाळीचा तिच्यावर रात्री निजायचा आणि रातपाळीचा दिवसा. १९८२ च्या संपात याच लोकांनी एकमेकांच्या घरी गावाकडचे तांदूळ पोचवले. घोंगडी वाटून घेणारे दोन गरीब आणि ‘कॉम्रेड’ हा शब्द यांचा संबंध नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी तो शब्द फक्त वर्तमानपत्रात वाचलेला असावा.

चिन हिऊ यांनी तो शब्द पक्षाच्या सैन्यात राहून १९४८ मध्ये लिहिला. त्याचा ‘सोबती’ करून आपण कवितेला शुद्ध करत नाही, तिचे राजकारण धुऊन काढता. हे भाषांतरकारांचे जुने दुखणे आहे. आधी गरिबाची कविता आवडते, मग त्याच्या संघटनेची लाज वाटते.

दुभाषी:
मला कोणाचीही लाज वाटत नाही आणि हा आरोप आपण मागे घ्यावा. मी तीस वर्षे भाषांतर करतो आहे. शब्दाला ज्या त्या भाषेत एक घर असते, हे मी अनुभवाने सांगतो. महाराष्ट्रात ‘साथी’ म्हटले की समाजवादी आणि ‘कॉम्रेड’ म्हटले की कम्युनिस्ट डोळ्यांसमोर येतात, इतके हे शब्द वाटले गेलेले आहेत. व्हिएतनामी शेतकऱ्याला या वाटणीशी काय करायचे आहे?

फौजीची लेक:
माझे वडील ‘जोडीदार’ म्हणत असत. शब्दकोशात पाहावे लागले नाही.

पाणथळ:
दुभाषी, नाव मी जाणूनबुजूनच तसे ठेवले, पण आपल्या कारणासाठी नव्हे. कवितेत तो शब्द कुठे येतो ते पाहा. दोन अनोळखी माणसे दोन दिशांनी आली, बंदुकीला बंदूक आणि डोक्याला डोके लागले, थंडीच्या रात्री एकाच पांघरुणात ती जिवलग झाली, आणि मग एका ओळीत तो एकटाच शब्द येतो. तो आधी आलेला नाही. पक्षाने दिलेला शब्द त्या दोघांनी पांघरुणाखाली स्वतःचा केला आहे, म्हणून गिरणगावकरांचे म्हणणे मला अधिक पटते, जरी त्यांचा शेवटचा टोमणा अनावश्यक होता.

गिरणगावकर:
टोमणा मागे घेतो. शब्द घेत नाही.

दक्षिणवारा:
मी कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत राहतो. पांघरूण, अंगरखा, कॉम्रेड यांवर एवढे लिहिले गेले, पण या सर्व चर्चेत सैनिक एकाच बाजूचा आहे, हे कोणाच्या लक्षातही आले नाही. कम्युनिस्टांविरुद्ध लढलेल्या दक्षिण व्हिएतनामच्या सैन्यातले कवी कोठे आहेत? न्गुयेन बाक सोन यांनी शत्रूच्या गनिमांना अदबीने संबोधून कविता लिहिल्या आणि उद्याच्या चकमकीतून जिवंत राहिलो तर गावात जाऊन धिंगाणा घालू, असे म्हटले. त्यांचा संग्रह १९७२ मध्ये, युद्ध चालू असतानाच, निघाला. लिन फुओंग यांच्या कवितेत प्रेयसी विचारते की तू कधी परतशील, आणि सैनिक उत्तर देतो की कदाचित कुबड्यांवर, कदाचित शवपेटीतून. ते शब्द गाणे होऊन सायगावभर गायले गेले. कवी ‘तो थुई येन’ हे दक्षिणेच्या सैन्यात अधिकारी होते आणि १९७५ मध्ये दक्षिण पडल्यानंतर त्यांची दहाहून अधिक वर्षे कम्युनिस्टांच्या ‘पुनर्शिक्षण’ छावण्यांत कैदेत गेली. या सैनिकांना हसायला कोणी सांगितले नव्हते.

आमच्या शेजारी त्या सैन्यातले एक वृद्ध गृहस्थ राहतात. उत्तरेच्या कोणत्याही कवीचे नाव काढले की ते उठून आत जातात. पण हिऊ लोआन यांची ती सिम फुलांची कविता त्यांना तोंडपाठ आहे, कारण दक्षिणेत तिची गाणी झाली होती. त्या कवितेतला नवरा चिखलाने माखलेल्या बुटांनिशी लग्नाला उभा राहतो, लढाईतून आपण परतणार नाही याची त्याला भीती वाटते, आणि मरते ती मागे घरी राहिलेली कोवळी बायको. तेवढ्या एका उत्तरेच्या सैनिकासाठी मी त्यांच्या डोळ्यांत पाणी पाहिले आहे.

कोरा कागद:
हे तर मी म्हणतो त्याचेच प्रमाण झाले. उत्तरेने ज्या सैनिकाला नाकारले, तो माणूस होता म्हणून शत्रूने त्याला आपले म्हटले.

पाणथळ:
दक्षिणेचे कवी मी वगळले ही माझी चूक आहे आणि ती मी स्वीकारते. पण ‘उत्तरेने नाकारले’ एवढ्यावर गोष्ट संपत नाही. ‘ताय तिएन’ पुढे १९८६ मध्ये कवीच्या संग्रहात आली आणि नंतर बारावीच्या पाठ्यपुस्तकातही बसली. आणखी एक गोष्ट आहे, आणि तिच्यासाठीच मी हे सारे लिहायला बसले. ‘ताय तिएन’मध्ये सैनिक कोवळ्या आयुष्याची हळहळ न करता रणांगणावर जातात. कोरा कागद, आपण म्हणता तसली ही ओळ आहे. कवी थान थाओ स्वतः उत्तरेच्या बाजूने दक्षिणेतल्या आघाडीवर होते. १९७७ च्या दीर्घकवितेत ते तीच हळहळ पुन्हा उचलतात. ते म्हणतात, आम्ही आयुष्याची हळहळ न करता निघालो. मग कंस येतो, आणि कंसात लिहिले आहे: विसाव्या वर्षी हळहळ वाटणार नाही असे कसे होईल. कंस मिटतो आणि ते पुढे म्हणतात, पण प्रत्येक जण आपल्या विसाव्या वर्षासाठी हळहळत बसला तर देश तो काय उरेल.

हाक आहे, ती मी नाकारत नाही. पण ती हाक घालणाऱ्याने मध्येच थांबून, आवाज खाली आणून, खरे काय ते सांगितले आहे. कोणत्या भित्तिपत्रकावर कंस असतो?

कोरा कागद:
१९७७ मध्ये युद्ध संपून दोन वर्षे झाली होती, आणि हे १९७० मध्ये छापले गेले असते तर त्या कंसाचे काय झाले असते, हे आपण ‘पांढरे वर्तुळ’च्या उदाहरणावरून ताडू शकता. तरीही कंस मला मान्य आहे. तो मी आधी वाचला असता तर पहिले वाक्य तसे लिहिले नसते. अंगरखा मात्र अजूनही मान्य नाही.

फौजीची लेक:
तो मान्य करू नका, कोरा कागद. मी फक्त एक राहिलेली गोष्ट सांगते. वडिलांनी चंदनाचे सांगितले तेव्हा त्या माउलीने दुसरा प्रश्न विचारला नाही. त्यांच्या पंचक्रोशीत चंदनाचे एकही झाड नव्हते, आणि तिच्या सासऱ्यालाही बाभळीच्याच लाकडांवर जाळले होते. ती एवढेच म्हणाली की, “बरं केलंत बाबा,” आणि उठून त्यांच्यासाठी चहा टाकायला आत गेली.